नव्या खोळीतली पावलं

आमच्या घरी संगणक आला तो खेळण्यासाठी नव्हे. दोन हजार सालानंतरच्या त्या तीन-चार वर्षांत सरकारी नोकरांना संगणकाची परीक्षा पास होणं सक्तीचं झालं, आणि आम्ही दोघंही सरकारी नोकर. मी गोंडपिपरीला भूकरमापक, म्हणजे लोकांची शेतं मोजून हद्दी दाखवून देणारा. बायको आरोग्य खात्यात नर्स. तिच्या उपकेंद्राखाली पाच गावं होती आणि त्या पाच गावांत मिळून चारशे बारा घरं. हा आकडा तिच्या रजिस्टरचा, माझा नाही. पण तो मला पाठ होता, कारण कोणत्या घरात कोण पोटुशी आहे आणि कोणत्या लेकराचं वजन वाढत नाही, हे आमच्याकडे जेवताना बोललं जायचं.

चंद्रपूरच्या ज्या माणसाने संगणक जोडून दिला, त्याने घरी लेकरं असतीलच असं धरून चार खेळ आपणहून टाकून दिले. आमचा एकुलता मुलगा तेव्हा नागपूरला वसतिगृहात राहून शिकत होता. आम्ही दोघांनी परीक्षा दिली, पास झालो आणि संगणकावर कापड टाकून ठेवलं. खेळ वर्षभर तसेच पडून होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बायको घुग्घुसला तिच्या भावाकडे गेली होती. बसमधून उतरताना मागे सरकणाऱ्या कोळशाच्या ट्रकचं चाक तिच्या डाव्या पावलावरून गेलं. पाऊल वाचवण्याचा प्रयत्न अकरा दिवस झाला. बाराव्या दिवशी गुडघ्याखाली सोळा सेंटिमीटर ठेवून पाय काढावा लागला. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

ती घरी आली तेव्हा तिचे वडील सोबतीला आमच्याकडे येऊन राहिले. मी त्यांना मामाजी म्हणतो. निवृत्त प्राथमिक शिक्षक, छप्पन सालच्या दीक्षेच्या वेळी चौदा वर्षांचे होते, आणि त्या दिवसापासून आपण काय मानतो अन् काय मानत नाही याचा हिशेब त्यांच्याकडे पक्का असायचा. मी दिवसभर शेतांवर असायचो. घरात ते दोघं, पलंग, कुबड्या आणि कापडाखालचा संगणक.

कापड कोणी काढलं, यावर अजून वाद आहे. बायको म्हणते बाबांनी, मामाजी म्हणतात पोरीनं. मी एका संध्याकाळी घरी आलो तर ती पलंगाच्या कडेला बसून माऊस हलवत होती आणि पडद्यावर एक लोखंडी माणूस भिंतीवर डोकं आपटत होता.

"हे काय?" मी विचारलं.

"मी हावो ते," ती म्हणाली. "जरा थांबा, मरून राह्यली."

खेळ असा होता. कुठल्यातरी दूरच्या ग्रहावर एक खाण आहे. खाणीत अपघात होतो आणि तिथली दुरुस्ती करणारी बाई मरते. पण तिचं मन एका यंत्रात जपून ठेवलेलं असतं. ते यंत्र तिला नव्या शरीरात घालतं. शरीरं कारखान्यात रांगेने उभी असतात, गोदामात लावलेल्या धानाच्या पोत्यांसारखी. एक जाड, एक बारीक, एक तीन हातांचं, अशी पाच प्रकारची. ते शरीर मोडलं की मन पुन्हा यंत्रात, आणि यंत्रातून पुढच्या शरीरात. अशी शरीरं बदलत बदलत तिने खाणीतून वर जमिनीवर यायचं आणि बाकीच्यांना सोडवायचं. त्या शरीरांना खेळात इंग्रजी शब्द होता. बायको त्यांना खोळ म्हणायची. उशीची असते ती.

मला ते आवडलं नाही. ज्या बाईचा पाय जाऊन दोन महिने झालेत, तिने दिवसभर शरीरं मोडण्याचा खेळ खेळावा हे मला बरं वाटेना. पण ती पलंगावर पडून छताकडे पाहत राहायची, तेही बरं नव्हतं. म्हणून मी तिला अडवलं नाही. फक्त मामाजींना विचारून मोजलं. पहिल्या नऊ दिवसांत ती एकेचाळीस वेळा मेली. त्यातल्या सहा वेळा भारनियमनामुळे. आमच्याकडे दुपारी एक ते चार वीज जायची, आणि मन यंत्रात जपायच्या आधी वीज गेली की सगळं पहिल्यापासून.

"एक वाजाले दहा कमी हाय," मामाजी खुर्चीवरून ओरडायचे. "जपून घे वो लवकर!"

त्यांचा खेळाला विरोध वेगळ्या कारणाने होता. तो त्यांनी मी घरी आल्याआल्या सांगितला. "जावई, आपण आत्मा मानत नाई. साऱ्या गावाले मी चाळीस वर्षं सांगतलं, का आत्मा नाई, पुनर्जन्म नाई. अन् माहीच पोरगी दिवसभर आत्मा ह्या पोत्यातला त्या पोत्यात भरून राह्यली."

"बाबा, आत्मा नाई तो," बायको पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "रजिस्टर हाय. जुनं रजिस्टर भरलं का नव्यात उतरवून घेतो ना आम्ही? तसं."

"उतरवून घेतलं तं मंग जुनं कुठी जाते?"

"जुनं जळते."

"म्हणजे पहिली बाई मेलीच ना. ही दुसरीच बाई झाली."

"दुसरीच तं दुसरीच. पण तिले रस्ता माहीत हाय."

मामाजी यावर दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली. इंग्रजी शब्द अडला की ते त्यांचा जुना शब्दकोश उघडत. ती खेळायची, ते वाचायचे. एकदा मी घरात शिरलो तर ते मला म्हणाले, "आज जाडी खोळ घातली तिनं. मी म्हणलं होतं बारीक घाल, ऐकत नाई."

एक गोष्ट मात्र तिने त्या खेळाबद्दल तक्रारीने सांगितली, आणि ती मला तेव्हा नीट कळली नाही. तिच्या गेलेल्या पावलाची बोटं खाजायची. नसलेल्या अंगठ्यात कळ यायची. ती म्हणाली, "हा खेळ ज्यानं केला त्याले सारं ठाऊक हाय, पण हे एक ठाऊक नाई. नवीन खोळ घातली का त्या बाईले जुन्या खोळीची आठवणच येत नाई. असं राहते काय?"

पण बाकीचं त्याला ठाऊक होतं, असं तिचं म्हणणं होतं. कारण खेळात नवी खोळ घातली की पहिली काही मिनिटं ती धड चालत नसे. पडदा डुलायचा, हात भलतीकडे जायचे. कारखान्याच्या फरशीवर एक पिवळी रेघ होती, त्या रेघेवरून पुढे-मागे चालून खोळ अंगवळणी पाडावी लागे. घाई करणारा ती पायरी एक बटण दाबून टाळू शकायचा. बायको कधी टाळायची नाही. "डोक्यातलं सारं नव्या खोळीत येते," ती म्हणायची, "पायातलं येत नाई. ते शिकाच लागते."

जखम पूर्ण भरल्यावर आम्ही नागपूरच्या एका वर्कशॉपमधून पाय बनवून घेतला. तिथला कारागीर चांगला होता, हाताने सफाईदार होता. त्याने विचारलं, "सर्व्हिस करता ना ताई? मग बूट घालाल?" तिने हो म्हटलं. त्या दिवशी त्याने काहीही विचारलं असतं तरी तिने हो म्हटलं असतं. तिने जन्मात बूट घातले नव्हते. त्याच दिवशी काळे बूट घेतले, ते घालून तिला उभं केलं, पाय बसवला, घासला, पुन्हा बसवला. वर्कशॉपमधल्या धरून चालायच्या दोन दांड्यांमध्ये ती बूट घालून बावीस पावलं चालली आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे बघू लागलो.

घरी आल्यावर सराव सुरू झाला. मी वही सुरू केली. चार रकाने: तारीख, वेळ, पावलं, तोल गेला. सकाळी सात ते आठ अंगणात, संध्याकाळी पाच ते सहा अंगणात, बाकी दिवसभर घरातल्या घरात जमेल तसं. अंगणाचा फेरा चौदा मीटर होता. मी साखळी लावून मोजला होता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आम्हाला इतकी साधी वाटत होती की कोणी ती बोललंच नाही. ती अंगणात बूट घालून चालायची आणि उंबऱ्यापाशी आली की बूट काढायची. घरात बूट घालून फिरणं आमच्यात कोणाला सुचलंही नसतं. एक हात दाराच्या चौकटीला, खाली बसून दोन्ही बूट काढून कडेला ठेवायची आणि मग आत. रोज. मीच तिला बसायला पाट ठेवला होता.

घरात तिचा तोल जायचा. मागे ओढल्यासारखं होतं, असं ती सांगायची. गुडघा मागे ढकलला जातो. आठ-दहा पावलांत एकदा तरी भिंत धरावी लागायची. मी वहीत लिहायचो, मी शेतावर असलो की मामाजी लिहायचे. माझा निष्कर्ष होता की ती थकते. संध्याकाळी अंगणात बरी चालायची, ते माझ्या निष्कर्षात बसत नव्हतं. त्याला मी कारण लावलं की संध्याकाळी गारवा असतो. आकडे मी इमानदारीने लिहिले होते. कारण मात्र मनातलं लावलं होतं.

चोवीस दिवसांनी चंद्रपूरला तिची वैद्यकीय तपासणी होती. तिथे ठरणार होतं की ती उपकेंद्रावर परत जाऊ शकते की नाही. नाही म्हटलं तर तिला कार्यालयात टेबलाचं काम मिळणार होतं आणि तिच्या पाच गावांवर दुसरी नर्स येणार होती. नोकरी कुठे जात नव्हती. काही लोक म्हणालेही, बरंच झालं, सावलीत बसायला मिळेल. तिला सावली नको होती. तिला ती चारशे बारा घरं हवी होती. तिने मला हे एकदाच सांगितलं, कुबडी भिंतीला लावून ठेवताना. "तिथी मी नर्सबाई हावो. कार्यालयात मी लंगडी बाई होईन."

तपासणीच्या खोलीच्या दाराशी पाटी होती: पादत्राणे बाहेर काढावीत. बाहेर चपलांची रांग होती. ती बाकावर बसली, बूट काढले, ओळीत नीट ठेवले आणि आत गेली. मी दारात उभा होतो. डॉक्टर वयस्क होते, बोलायला मऊ. त्यांनी खिडकीपर्यंत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला ती मागे गेली आणि तिने टेबलाची कड पकडली. टेबलावरचा पेला पडला.

"काही हरकत नाही बाई," डॉक्टर म्हणाले. "घाई कशाला? तीन महिन्यांनी पाहू. पण माझं मत विचाराल तर टेबलाचं काम घ्या. तुम्हाला शेताच्या धुऱ्या-बांधावरून चालायचं असतं, पावसाळ्यात चिखल असतो."

त्यांनी कागदावर तीन महिने लिहिलं. ते चुकीचं वागले असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं.

परतताना अर्ध्या वाटेवर कोठारी आलं. बायको म्हणाली, "बाहेर बाकापर्यंत तं मी चांगली आली होती ना?"

"आली होतीस."

"मंग आत काय झालं?"

"घाबरली असशील."

"मी?" ती म्हणाली. "अजी, मी पुरात डोंग्यात बसून बाळंतपण केलेली बाई. त्या बुढ्या डॉक्टरले घाबरू?"

मी तिच्या मांडीवरचा तीन महिन्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

पुढचे काही दिवस तिने सराव बंद केला. वहीत पाच दिवस कोरे आहेत. ती खेळत बसायची. खोळींबद्दल मामाजींचे सल्ले थांबले होते.

सहाव्या दिवशी रविवार होता, मी घरी होतो. वीज जायला अजून तासभर होता. बायको खेळात पहिल्यांदाच खाणीच्या वरच्या दाराशी पोचली होती. तोवर तिचं सगळं चालणं-पडणं लोखंडी बोळांमध्ये झालं होतं. दार उघडलं आणि बाहेर पिवळसर मोकळी जमीन दिसली, आभाळात दोन चंद्र. तिने पाऊल टाकलं आणि खोळ मागे कोसळली.

"काऊन?" ती म्हणाली.

ती यंत्रातून परत आली, रेघेवर चालली, दारापर्यंत आली. पुन्हा मागे कोसळली. तिने खोळ बदलली, जाडी घेतली. जाडीही मागे पडली. तीन हातांची घेतली. तीही तीन हात हलवत मागे पडली. मला हसू आलं आणि मी ते दाबलं.

"मोडकं हाय हे," ती म्हणाली. "साऱ्याच खोळी मोडक्या."

"थांब थांब, खाली काहीतरी लिहून येऊन राह्यलं," मामाजी म्हणाले. "दरवेळी येते, तू वाचत नाई." त्यांनी चष्मा वर केला, पडद्याला नाक लावलं, एक शब्द शब्दकोशात पाहिला, आणि शाळेत फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं मोठ्याने म्हणाले, "हे शरीर कारखान्याच्या फरशीसाठी बसवलेलं आहे. दुसऱ्या जमिनीवर नेण्याआधी पुन्हा बसवून घ्या."

बायकोने माऊसवरचा हात काढला. पडद्यावर तीन हातांची खोळ आभाळाकडे तोंड करून पडली होती.

"अजी," ती म्हणाली, "तुमची वही आणा."

मी आणली.

"ह्याच्यात मी कुठी पडली ते लिहिलं हाय काय?"

मी रकाने पाहिले. तारीख, वेळ, पावलं, तोल गेला. जागा नव्हती. मी तेव्हा वीस वर्षं जमिनी मोजत होतो. मोजणीच्या कागदावर सगळ्यात आधी गाव आणि गट नंबर लिहायचा, त्याशिवाय पुढचा एकही आकडा कामाचा नाही, हे मी नवीन लोकांना शिकवत असे. आणि माझ्या घरातल्या वहीत जागेचा रकानाच नव्हता.

पण वेळ होती. सकाळी सात ते आठ म्हणजे अंगण, पाच ते सहा म्हणजे अंगण, बाकी सगळं घर. मी पेन्सिलीने प्रत्येक ओळीपुढे अ आणि घ लिहीत गेलो. तोल गेला होता एकूण तीनशे अडतीस वेळा. अंगणात तीन. त्यातल्या एका वेळी शेजारची शेळी मध्ये आली होती. घरात तीनशे पस्तीस.

"अंगणात बूट," ती म्हणाली.

"आणि घरात अनवाणी," मी म्हणालो.

मी उठून तिचा डावा बूट आणला आणि पट्टी लावली. टाचेखाली पंचवीस मिलिमीटर, पंजाखाली दहा. फरक पंधराचा. पाय बसवला होता तो टाच पंधरा मिलिमीटर उंच धरून. बूट काढला की टाच तेवढी खाली जायची आणि वरची अख्खी बाई मागे कलायची. आम्ही चोवीस दिवस तिला ज्या पायाने चालायला शिकवत होतो तो आमच्या घरासाठी बनलाच नव्हता. तपासणीच्या खोलीसाठीही नव्हता. आणि ती पाटी वाचून, चार माणसांसारखी वागून, तिने बूट बाहेर काढले होते.

मामाजींनी कपाळावर हात मारला. "म्हणजे त्या दिवशी बूट घालून गेली असती तं पास झाली असती?"

"झाली असती," मी म्हणालो.

"अन् मंग?" बायको म्हणाली. "मंग गावात गेली असती, पहिल्याच घरी चप्पल काढली असती अन् बाळंतिणीच्या अंगावर पडली असती. बरं झालं तिथीच पडली."

ती रागात नव्हती. कित्येक दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला, घरोघर जाऊन लोकांना रागे भरायचा.

मी जुन्या टायरच्या चपलेचा तळ कापला, घासून पंधरा मिलिमीटरची पाचर केली आणि टाचेखाली फडक्याने बांधली. ती उठली. दारापासून चुलीपर्यंत अकरा पावलं, चुलीपासून मागच्या दारापर्यंत नऊ. ती गेली, वळली, आली. भिंतीला हात लावला नाही. मामाजी तिच्या मागेमागे दोन्ही हात पसरून चालत होते, त्यामुळे वळताना तीच त्यांना आपटली.

"बाबा, बाजूले व्हा, नाई तं आता तुमचा पाय जाईन!"

तेवढ्यात वीज गेली. खेळ जपला नव्हता. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या आठवड्यात आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. कारागिराला मी पट्टीवरचे आकडे दाखवले. तो म्हणाला, "ताई, अनवाणी चालायचं असतं हे आधी सांगायचं ना."

"तुम्ही विचारलं नाई, मले ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "आता आयका. मी दिवसातून वीस घरी जाते. वीस वेळा चप्पल काढते, वीस वेळा घालते. खाली बसून लेकराचं वजन घेते. उठते. धुऱ्यावरून जाते. असा पाय करा."

त्याने तिला दांड्यांमधून बाहेर काढलं, बूट काढायला लावले आणि अनवाणी उघड्या फरशीवर उभं केलं. मग मागच्या अंगणात, मातीवर. पाऊल नवीन बसवलं, ते जरा लवचिक होतं, बसताना वाकणारं. आठ दिवस लागले. चप्पल मी निवडली. मागे पट्टा असलेली, तळ टाचेला आणि पंजाला सारखाच, नऊ मिलिमीटर. दुकानात मी पट्टी काढली तेव्हा दुकानदार हसला, पण मी सहा जोड मोजले आणि पाच परत केले. काढली काय आणि घातली काय, बाईचा तोल तोच राहायला हवा होता.

नव्या वहीत पाच रकाने होते.

घरी मामाजींशी तिचा जुना वाद पुन्हा निघाला, पण आता उलटा. मामाजी म्हणू लागले की खेळातली बाई तीच असते. "मन दुसरीकडं जाते का नाई ते मले माहीत नाई. पण जी पडते अन् उठून ईचारते का मी कुठी पडली, ते एकच बाई हाय."

"म्हणजे आत्मा हाय म्हणता?" तिने चिडवलं.

"आत्मा नाई!" ते म्हणाले. "सवय हाय. आत्मा वेगळा, सवय वेगळी. कोणाले सांगजो नको उलटंसुलटं."

तीन महिने पुरे होण्याआधीच तिने अर्ज केला. त्याच दारात तिने चपला काढल्या. डॉक्टरांनी खिडकीपर्यंत चालायला सांगितलं, ती गेली आणि आली. त्यांनी अजून एकदा सांगितलं. मग ती न सांगता खाली मांडी घालून बसली, तान्ह्या लेकराला वजनकाट्याच्या झोळीत ठेवतात तसे हात करून दाखवले आणि कोणाचा हात न धरता उठली. उठताना तिला जोर लागला, चेहरा लाल झाला, पण उठली.

डॉक्टर म्हणाले, "मागच्या वेळी काय झालं होतं?"

"मागच्या वेळी पाय तुमच्या खोलीसाठी बनवला नव्हता," ती म्हणाली.

त्यांना ते नीट समजून घ्यायचं होतं. त्यांनी बाहेर रांगेत लोक असताना तिला बसवून घेतलं, माझी पट्टी मागितली आणि बाहेर ठेवलेल्या आपल्या बुटाची टाच स्वतः मोजली. मग कागदावर सही केली. पाटी मात्र पुढेही तिथेच होती. ती काढण्याची गरजही नव्हती, पण आता ते प्रत्येकाला पाय बुटासाठी बसवलाय की अनवाणी चालण्यासाठी, हे विचारतात असं नंतर आमच्या ओळखीच्या एकाने सांगितलं.

कामावर पहिल्या दिवशी मी तिला मोटारसायकलने गावात सोडलं. रजा टाकली होती. ती एकटीच घरांकडे गेली; तिने मला यायला साफ मनाई केली होती. मी बसच्या थांब्याजवळच्या कडुनिंबाखाली थांबलो. त्या दिवशी घरं अकरा होती. दर घरी पंधरा मिनिटं आणि चालायची काही, असं धरून मी सव्वातीन तासांचा अंदाज केला होता.

तिला साडेपाच तास लागले. चार तासांनंतर मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. मग ती तलावाच्या पाळीवरून येताना दिसली, पिशवी खांद्याला, पांढऱ्या साडीचा काठ धुळीने माखलेला. पाळ उंचसखल होती. ती हळू येत होती, खाली बघत, आणि मध्ये एकदा थांबून जाळं सुकवत असलेल्या एका ढिवराशी काही बोलली.

"पडलीस काय?" मी विचारलं.

"एकदा. बैलाच्या गोठ्याजवळ, शेणात. शेणात सारेच पडतात." ती चपलेची माती झटकू लागली. "अजी, एकाही घरी कामाचं बोलू देत नव्हते. पहिले पाय दाखवा म्हणे. एका बुढीनं तं दाबून पाह्यला अन् म्हणते, नर्सबाई, ह्याले तेल लावा लागते काय? अन् तो ढिवर, त्याच्या भावाचा पाय गेला हाय म्हणे मागल्या साली. सरकारी पाय खुंटीले टांगून ठेवला हाय त्यानं. पाण्यात चालत नाई म्हणते."

"मग?"

"मंग काय. उद्या त्याच्या घरी जाते. तो रोज कुठी उभा राहते ते पाहा लागन ना पहिले. पाण्यात का चिखलात का डोंग्यात."

मी मोटारसायकल चालू केली. ती मागे बसली, डावा पाय स्वतःच्या हाताने उचलून पायटेकावर ठेवला. गावाबाहेरच्या पुलावर आल्यावर माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "उद्या येऊ नका. मले वेळ लागन अन् तुम्ही झाडाखाली बसून मिनिटं मोजसान. मी सकाळच्या एसटीनं जाते."

मग मी गेलो नाही.